चाकांचा स्टँड

बाबा,

टीव्हीचा नवा स्टँड दारामागे ठेवलाय. तुम्ही सांगितलेला कपाटवाला घेतला नाही, रागावू नका. याला चाकं आहेत. दुकानदार म्हणाला, "ताई, हा ऑफिसात नेतात. घरात कोण फिरवणार?" मी म्हटलं, "आमचे बाबा."

आई गेल्यापासून तुम्ही टीव्हीसमोर खुर्चीतच झोपता. मान आखडते, तरी खोलीत जात नाही. मग टीव्हीलाच आत न्या. टीव्ही स्टँडवर चढवायला शेजारच्या काकांना बोलवा, एकट्याने उचलू नका.

पलंगावर आईच्या बाजूला उशा रचून ठेवल्यात. आज तिथे टेकून बघा. आवाज कितीही मोठा ठेवा, मी कुरकुरणार नाही. तुम्ही आत पलंगावर आहात, एवढं तरी मला ऐकू येईल.

कामावरून आले की चहा करते.

तुमची धाकटी