दक्षिणेचा पांढरा खांब

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा! जिल्ह्याचं माहितीपुस्तक लिहायचं सरकारी काम, समुद्राकडे खिडकी असलेली खोली, आणि घरमालकीण अशी प्रेमळ की संध्याकाळपर्यंत तिला मावशी म्हणायला लागलो. सामान लावायच्या आधीच तिने विचारलं, घरी कोण कोण, कधी येणार. म्हटलं, बायको आणि आठ वर्षांची चिमी, महिनाअखेरीच्या बोटीने. मावशीचा चेहरा असा खुलला, जणू तिचीच लेक माहेरी यायची आहे.

६, गुरुवार

भूगोल आधी उरकतो, खडकांना चहा पाजावा लागत नाही. गावामागे दलदल, तिच्यातून एकच रस्ता. समोर पाण्याखाली खडकांची रांग आणि तिच्यात बोटीपुरती एकच फट. किनाऱ्यावर दोन दगडी खांब आहेत. उत्तरेचा चुन्याने पांढरा केलेला. तो नाकासमोर धरला की बोट सुखरूप आत येते. दक्षिणेचा उघडाबोडका. तो कशाला, असं बंदराच्या मुकादमाला विचारलं. म्हणाला, जुना आहे, असू दे की.

माणसं लाघवी, पण दुर्दैवी. घरटी एक माणूस समुद्राने नेलेलं. मावशीचा भाऊ, मुकादमाचा मुलगा, पोस्टमास्तरांची बायको. शेती नाही, मासळी बेताची, तरी कपडालत्ता झकास. चार घरी जेवलो, एकाही घरात दोन बश्या सारख्या नाहीत. आणि जो तो विचारतो, मंडळी कधी येणार.

१२, बुधवार

आज अख्खं गाव बादल्या घेऊन निघालं, मीही आयत्या बिळावर नागोबा नको म्हणून सोबत गेलो. दक्षिणेचा खांब रंगवायचा होता. उत्तरेच्या खांबावर ताडपत्री टाकली होती, दुरुस्ती आहे म्हणे. पाहुणा म्हणून मला शेंड्याचा मान दिला. खाली उतरलो तेव्हा भुतासारखा पांढरा झालो होतो. इतकं मनमोकळं कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

१४, शुक्रवार

भर दुपारी बोट खडकावर आपटली. गाव बांबू घेऊन धावलं, मीही धावलो. वाटलं, बुडणाऱ्यांना आधार द्यायला. त्यांनी बांबू डोक्यांवर ठेवले आणि दाबले. मावशी गुडघाभर पाण्यात उभी होती. एका म्हाताऱ्याला बुडवताना ती शेजारणीशी पापडांबद्दल बोलत होती.

संध्याकाळी तिने मला एक ओला कोट आणून दिला. मापाचा आहे म्हणाली.

खांब मी रंगवला. मी.

१५, शनिवार

पोलिसांत जातो म्हणून ओरडलो. मुकादम चिडला नाही. रस्त्यावर माणसं बसवली आहेत म्हणाला. मग लहान मुलाला समजवावं तसं समजावलं: इथे कुणी तोंड उघडत नाही, कारण प्रत्येकाने आपलं एक माणूस आपल्या हातांनी बुडवलंय. ज्याचे हात कोरडे, तो उद्या बोलणार. मुकादमाने स्वतःचा मुलगा —

मला मारा म्हटलं. म्हणाला, मग पुस्तक कोण लिहिणार? सरकारी पुस्तकात बंदर उत्तम म्हणून छापून आलं की बोटी वाढतील.

१७, सोमवार

पोस्टमास्तरांचे पाय धरले. घरी तार करा, येऊ नका म्हणून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मजकूर घेतला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. बायको गेलेला माणूस आहे. कळेल त्याला.

१९, बुधवार

बायकोची तार. एवढी आठवण येते तर महिनाअखेरपर्यंत कशाला थांबायचं, उद्याच्याच बोटीने निघतो. चिमी नाचते आहे.

काय पाठवलं त्या हरामखोराने —

२०, गुरुवार

काजळी घेऊन दक्षिणेचा खांब काळा करायला पळालो. चौघांनी धरलं. खोलीत कोंडलंय. हात बांधले नाहीत, लिहायला लागतात म्हणे.

बोट दिसते आहे. नाक दक्षिणेकडे. ओरडून घसा —

आपटली. आवाज इथवर आला.

बायको दिसत नाही. कुठेच —

चिमी आहे. पोहते आहे. मीच शिकवलं पोहायला, हट्टाने, ती रडत असताना. सरळ किनाऱ्याकडे येते आहे —

मावशीने दार उघडलंय. तिच्या हातात बांबू. म्हणते, लिहून होऊ दे, घाई नाही. पण बाकीचे म्हातारे झालेत, त्यांच्या हातांत जोर नाही. पोरीला फार वेळ लागेल. बापाने केलं तर लवकर —

चिमीला मी दिसलो. हात हलवते आहे. हसते —

मावशी, द्या इकडे, मी —