पंपावरचं कुंकू

१५ सप्टेंबर १९९७
शाळेत आज पुन्हा तेच. सातवी ब मधली एक कार्टी म्हणते, "बाई, तुमचा पेजर कधी वाजतच नाही!" म्हटलं, पेजर नाही गं, इन्सुलिनचा पंप आहे, कमरेला बांधलेला. अख्ख्या वर्गाचे चेहरे कोरे. जाऊ दे.

दादाने अमेरिकेहून आणला त्याला महिना झाला. तिथल्या कुणीतरी वापरलेला, पण चालतो झकास. चौदाव्या वर्षापासून सुया टोचतेय, शुगर पहिल्यांदाच माणसात आलीय. नौपाड्याच्या डॉ. बाई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत अशीच राहू दे, मग बाळाचा विचार करायला हरकत नाही." येताना रिक्षात मी आणि सतीश उगाचच हसत होतो. रिक्षावाला सारखा आरशात बघत होता.

२१ सप्टेंबर
पंपाचे कायदे घरात पुन्हा जाहीर केले. आंघोळीला जाताना काढून कोरड्या स्टीलच्या डब्यात, डबा कपाटात. मोरीपाशी नाही, गॅसपाशी नाही, टीव्हीवर तर अजिबात नाही. पाण्याचा थेंब चालत नाही. घामासाठी जुन्या सुती साडीची दुपदरी पिशवी शिवलीय. इन्सुलिनच्या बाटल्या फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. साबा म्हणाल्या, "अगंबाई, सतीश तान्हा होता तेव्हा त्याचेही एवढे लाड नव्हते गं!" सासूबाई मूडमध्ये होत्या. हसले मीही. पण पंप बंद पडला तर काही तासांत माझं कठीण होतं, हे कुणाला कळतं?

सतीशला कळतं. एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप, दोन लेथ, एक ड्रिल. म्हणाला, "मशीन माझ्यावर सोड, वंदू." सेल बदलायचं खातं त्याच्याकडे. बरं वाटलं.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी सतीश म्हणे सेल उतरलेत, वर्कशॉपमधल्या मीटरवर तपासून बदलून आणतो. परवा तर ठीक होते... असो. इंजेक्शन घेतलं, पंप दिला. तिकडे आज मशिनींची पूजा, झेंडूच्या माळा. साबा नारळ घेऊन सोबत गेल्या. मी पुरणात अडकलेले.

दुपारी पंप परत. लख्ख पुसलेला. लावला.

१४ ऑक्टोबर
हॉस्पिटल. अक्षर बघा कसं येतंय. काल शाळेत उलट्या, मग श्वास लागला. पंपाचा दिवा चालू, पण आत काही जात नव्हतं. वाजायला हवा होता, वाजलाही नाही. शिपाईमावशींनी रिक्षात घातलं. पुढचं धड आठवत नाही.

सतीश पायाशी बसून रडला. मीच त्याला गप्प केलं.

१६ ऑक्टोबर
डॉ. बाई बघायला आल्या. पंप उलटासुलटा केला, सेलचं झाकण फिरवलं. आट्यांत लाल ओलसर गाळ. "हे काय? याला पाणी लागलंय."
सतीश खिडकीकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, शाळेतून आली की स्वयंपाकघरातच असते. तिखटाचे हात, ओले हात. किती वेळा सांगितलं हिला."
मी? मी?!
डॉ. बाई म्हणाल्या, "वंदना, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. बाळाचं आता पुढच्या वर्षी बघू. पंप सांभाळता आला नाही, मग पोर..." वाक्य सोडून दिलं त्यांनी. सोडलं नसतं तर बरं झालं असतं.
आणि मलाही वाटलं, असेल, माझंच काही चुकलं असेल.

१९ ऑक्टोबर
घरी. पुन्हा सुया. दादाचा फोन सतीशने घेतला. "काय करणार, थोडी निष्काळजी आहे ती." मी समोर पलंगावर. आजारी आहे, बहिरी नाही. मग दादा मला म्हणतो, "वंदे, तू तर केवढी जपणारी, असं कसं गं?"
पिशवी उलटी करून बघितली. तिखटाचा कण नाही. मग झाकणाच्या आत लाल आलं कुठून?

२२ ऑक्टोबर
साबा भाकरी थापत होत्या. म्हटलं, आई, गेला हो पंप.
"जातोय कुठे? खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये देवीपुढे ठेवलाय त्याला, लेथशेजारी, पाटावर. सतीशने ओलं कुंकू लावलं, मी तीर्थ शिंपडलं. म्हटलं, सगळ्या मशिनींची पूजा होते, मग माझ्या सुनेचा जीव ज्या मशीनवर आहे, तीच का वगळायची? नंतर घाबरला मेला, वंदू ओरडेल म्हणाला. कंप्रेसरची हवा मारून कुंकू उडवलं. तुला बोलला नाही?"
नाही बोलला.
कंप्रेसरची हवा! त्या नळीतून पाणी येतं म्हणून हाच कामगारांवर खेकसतो. स्वतःच्या हाताने पाणी आत ढकललं. आणि म्हणे सेल उतरलेत!
साबांचा राग येत नाहीये. आत पाणी गेलं म्हटल्यावर "माझ्यामुळे झालं का गं?" म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी करपू दिली.

२३ ऑक्टोबर
विचारलं. आधी "आईचं मन मोडवेना." मग "चांगल्यासाठीच केलं ना?" मग "आईवर आलं असतं सगळं."
म्हणजे आईवर येऊ नये म्हणून माझ्यावर! म्हटलं, अरे, कुंकू लावलंस, बिघडवलास, तेही गिळलं असतं मी. माझी ती अवस्था झाली, तेव्हा तरी तोंड उघडायचं! उशाशी उभं राहून माझ्याच नावाने खोटं बोललास? दादाला सांगितलंस?
"हळू बोल, शेजारी ऐकतील."
ऐकू देत. लाज कुणाला वाटायला हवी?
तो जेवला नाही. मी जेवले. सुई घेतली की जेवावंच लागतं, मला रुसायचीही सोय नाही.

पाडवा
ओवाळायला बसले. कुंकवात बोट बुडवलं आणि हात पुढेच जाईना. साबा खाली बघत होत्या. लावलं शेवटी, त्यांच्याकडे बघून. ओवाळणीतली साडी कपाटात तशीच पडलीय.

८ नोव्हेंबर
नौपाडा, दवाखान्यात बसून लिहितेय. आमच्या आधी एक पेशंट आहे. दादा दुसरा पंप बघतोय, पण डॉ. बाईंचा निरोप, "आधी मला भेट. परत तसंच होणार असेल तर नको." त्यांनी नाही म्हटलं तर पंपही नाही, बाळही नाही.

डोंबिवलीहून निघताना सतीश म्हणाला, मी सांगतो त्यांना खरं काय ते. आता शेजारी बसून रुमालाने सारखं कपाळ पुसतोय.
"वंदू, तू सुरुवात करतेस का?"
"नाही."
"मग मी काय म्हणू?"
"जे झालं ते."
कंपाउंडरने माझं नाव पुकारलं. मी उठले. तो अजून बसलाय.