बाहेरचा माणूस

प्रिय दादा,

फोनवर तू मला एक वाक्य धड पूर्ण करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. विमा एजंटच्या लायसन्सची परीक्षा सोमवारी आहे आणि माझी गाडी अजून लायबिलिटीच्या धड्यावरच अडकलीय. मला गणित शिकवताना तू कपाळावर हात मारून घ्यायचास ना, तसा आता मीच मारून घेते. यांच्या खाटेशेजारी, वॉर्डातल्या स्टुलावर बसून.

धडा तसा सोपा आहे. दुकानात आलेलं गिऱ्हाईक ओल्या फरशीवर घसरलं, किंवा आपल्या कामगाराकडून कुणाची काच फुटली, तर हा विमा भरपाई देतो. तू वर्कशॉपसाठी घेतलायस तो हाच. नुकसान बाहेरच्या माणसाचं हवं. आपल्याच कामगाराला काम करताना लागलं, तर यातून काही मिळत नाही. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि तो तू कधी घेतलाच नाहीस. सराव परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम चुकीचं दिलं, दादा. जणू माझ्या उत्तरानं नियम बदलणार होता!

हे शिडीवरून पडले तेव्हा तुझ्याच वर्कशॉपचा बोर्ड रंगवत होते. पगारपत्रकात मात्र यांचं नाव नाही. घरच्या जावयाची कसली हजेरी लावायची, असं तू हसत म्हणायचास आणि आम्हालाही ते गोड वाटायचं. काल डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबलं तर पाय कायमचे जातील. हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

आज तुझ्या अकाउंटंटनं सहीसाठी कागद आणून दिला. त्यात लिहिलंय की हे त्या दिवशी तुला नुसते भेटायला आले होते. मी सही केली तर विमा कंपनी ऑपरेशनचे पैसे देईल. खोटं आहे हे मला कळतं, लायसन्स गेलं खड्ड्यात, मी पेन उचललंही होतं. पण यांनी कागद मागून घेतला, वाचला आणि मला विचारलं, इतकी वर्षं मी तिथे नुसता भेटायलाच जात होतो का? मी पेन खाली ठेवलं. म्हणून तू ये. यांच्यासमोर बस आणि तो कागद मोठ्यानं वाच. तुला शेवटपर्यंत वाचता आला, तर मी सही करते.

तुझीच,
छोटी