रुखवताची नानकटाई

आई,

काल मी नानकटाई केली आणि ती मऊ झाली. तोंडात टाकली की विरघळावी अशी. सून म्हणाली, "काय सुंदर झाल्यात हो!" नात म्हणाली, "पणजीची पद्धत ना आजी?" आणि मी खुशाल मान डोलावली. तुझ्या नावावर हे खोटं मी कित्येक वर्षं खपवते आहे. तुझी नानकटाई काही केल्या विरघळायची नाही, हे तुला माहीत, मला माहीत आणि अण्णांच्या उजव्या दाढेला माहीत. अण्णा इंजिनावर फायरमन. ते म्हणायचे, "ही एक रुळावर ठेवली ना, तर गाडी थांबंल, हिला काय व्हायचं न्हाई." तू म्हणायचीस, "मग नका खाऊ." आणि ते बशीतल्या चहात नानकटाई बुडवून, बाहेरून अख्खी मालगाडी जाईपर्यंत वाट बघत बसायचे.

नाताळची सुट्टी लागली की दौंडच्या आपल्या क्वार्टरमध्ये तुझा आवाज चढायचा. शाळा असली की आम्ही तिघं निदान दुपारपर्यंत तरी नजरेआड, सुट्टीत मात्र दिवसभर तुझ्या पायात. "सुट्टी तुमच्या शाळेला, मला कोण देतंय सुट्टी?" हे वाक्य दिवसातून चारदा. उजाडायच्या आत तुझा बंब पेटलेला, त्याच्या धुरानं आम्ही जागे. थंडी अशी की तांब्या अंगावर ओतेपर्यंत पाणी निवायचं, आणि तू पाठ अशी घासायचीस की मी म्हणजे तळाशी लागलेलं पातेलं. मग ऊन अंगणात आलं की गोधड्या आणि आम्ही, दोन्ही एकाच दोरीखाली वाळत. तुझ्या चुलीवर बाजरीची भाकरी, निखाऱ्यात वांगं, आणि तुझं तोंड सुरूच. आत्ता हे लिहिताना मला ते सगळं ऐकू येतंय बघ.

आणि या सुट्टीतच केंदूरहून आजी यायची, अण्णांची आई, तुझ्या सासूबाई, ज्यांना तू आत्याबाई म्हणायचीस. शिरूरला येऊन तिथून दौंडची एस.टी. धरायची. एका हातात हरभऱ्याची जुडी, दुसऱ्या हातात स्वतःचा तांब्या, गळ्यात तुळशीची माळ. कडक माळकरी. तिच्यापुढे मटण-मासळीचं सोड, अंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही. अण्णा बाहेरगावी ड्युटीवर गेल्यावर काय जेवतात, हे घरात कुणी विचारायचं नाही, असा आपला अलिखित नियम होता. आजी आली की तू डोक्यावरचा पदर शंभर वेळा सारखा करायचीस. जे जे ताटात वाढशील ते ती खायची, दोनदा मागून घ्यायची, आणि शेवटी म्हणायची, "खाल्लं जातंय." बस्स. बारा वर्षांत तुझ्या वाट्याला याच्यावर एक शब्द आला नाही. मग लगेच, "धाकलीच्या हाताला चव हाय बाई." धाकली म्हणजे केंदूरची आपली काकू. ती बिचारी साठ किलोमीटरवर चुलीपुढं बसलेली, पण आपल्या स्वयंपाकघरात रोज हजर.

त्या वर्षी गोष्ट पुढे गेली. धाकट्या आत्याचं लग्न ठरलेलं, माघात, वरवंडला. आजी आली ती रुखवताचा विचार डोक्यात घेऊनच. "करंज्या, लाडू समदेच ठिवत्यात. आपुन नानकटाई ठिवायची. वरवंडकर बघत ऱ्हायले पाह्यजेत." तुझे डोळे चमकले. दरवर्षी नाताळात बेकरीतून नानकटाई भाजून आणणारी आपल्या घरात तू एकटी. पण आजी पुढे म्हणाली, "थोरलीची चाखून बघू. जमलं तर ठीक, न्हाईतर धाकलीला सांगू, ती शिरूरच्या बेकरीत भाजून आणंल." म्हणजे परीक्षाच. थोरल्या सुनेचा मान राहतो की सगळ्या पाव्हण्यांदेखत धाकटीकडे जातो, ते एका डब्यावर ठरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला न्हाऊ घालत होतीस. डोळ्यांत साबण गेलेला म्हणून मी गप्प होते, आणि तुला वाटलं असेल की डोळे मिटले म्हणजे कानही मिटले. बंबात कोळसा सारताना तू पुटपुटलीस, "एकदा तरी बरं म्हणा की वो आत्याबाई. एकदाच म्हणा." मला इतकं वाईट वाटलं आई, की साबणाचं रडणं कुठलं आणि तुझ्यापायी आलेलं कुठलं ते मला कळेना.

आता तुझ्या नानकटाईचं खरं सांगू? मैदा पोटात चिकटतो म्हणून तू गव्हाचं पीठ घ्यायचीस. तूप घालताना हात असा आखडायचीस की जणू पीठ तूप पिऊन पळून जाणार आहे. आणि मळायचीस भाकरीसारखं, अंगातली सगळी ताकद लावून. शेजारच्या क्वार्टरमध्ये गोव्याकडची ख्रिश्चन बाई होती, नवरा मेल गाडीचा ड्रायव्हर. तू तिला ड्रायव्हरीणबाई म्हणायचीस, आणि तिला ते बढतीसारखं वाटायचं. ती परातीत तूप-साखर तासभर नुसत्या तळहातानं फेटायची, पार ढगासारखं होईपर्यंत. तू कुंपणावरून बघायचीस आणि म्हणायचीस, "रिकामा येळ लई हाय."

दोघींची परात एकाच दिवशी बेकरीत गेली. पाव काढून झाले की बेकरीवाले चाचा त्याच भट्टीत कॉलनीतल्या सगळ्या घरांची नानकटाई भाजून द्यायचे. आपला डबा आपण द्यायचा, त्यावर क्वार्टर नंबरची चिठ्ठी कणकेनं चिकटवायची. डबे सगळ्यांचे तेच, वनस्पती तुपाचे पिवळे. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून आपली चिठ्ठी मी लिहायचे, आणि अक्षर चांगलं म्हणून ड्रायव्हरीणबाईंचीही मीच. संध्याकाळी आणायलाही मलाच धाडलंस. बेकरीत ही गर्दी. चाचा म्हणाले, "बेटी, अपना नंबर देखके उठाव. मागून माझ्याकडे भांडायला यायचं नाय." मी नंबर बघून डबा उचलला आणि घरी आले. तो डबा आपला नव्हता. ड्रायव्हरीणबाईंचा होता. कसा, ते शेवटी सांगते.

तू झाकण उघडलंस आणि मागेच सरलीस. "अगं बया! काय वास सुटलाय!" एक उचललीस, तर ती बोटांतच मोडली. तुझा चेहरा मला अजून दिसतो. आधी शंका, मग भीती, मग हळूहळू पसरत गेलेला अभिमान. "या खेपेला पीठ दोनदा चाळलं ना मी," तू मला समजावलंस, "त्याचा गुण हाय ह्यो." मी म्हटलं, "व्हय." दुसरं काय म्हणणार?

आजीला ताटलीत चार वाढल्यास. तिनं एक खाल्ली. दुसरी खाल्ली. तू दारात उभी, पदराचं टोक पिळून पिळून दोरी केलेली. आजीनं तिसरी उचलली, खाल्ली, माळेवर पडलेला भुगासुद्धा टिपून तोंडात टाकला, आणि म्हणाली, "बरं झालंय गं."

आई, तू वळलीस आणि चकचकीत घासलेली कढई पुन्हा घासायला घेतलीस. बराच वेळ घासत होतीस.

आणि तेवढ्यात दारात ड्रायव्हरीणबाई. पदराखाली पिवळा डबा. "बाय, जरा घोटाळा झाला वाटते..." असं म्हणत ती आत आली, आणि तिची नजर आजीच्या ताटलीवर पडली. मग माळेवर. मग माझ्यावर. मी तुझ्यामागे सरकले. कारण तिच्या मागच्या अंगणात सात कोंबड्या होत्या, आणि तिच्या नानकटाईत काय पडतं ते मला तेव्हा, त्या क्षणी आठवलं. त्याआधी देवाशपथ आठवलं नव्हतं. ही बाई नाताळला सगळ्या कॉलनीला केक वाटायची आणि आपल्याकडे मात्र, माळकरी घर म्हणून, न चुकता केळी आणि संत्री पाठवायची. ती आता काय बोलते? बोलली तर आजी आजच्या आज तांब्या उचलून चालू लागणार, आणि दोष कुणाला? तुलाच.

"या, बसा," आजी एकदम खुशीत म्हणाली. "ह्ये खाऊन बघा. आमच्या थोरलीनं केल्यात."

ड्रायव्हरीणबाईंनी स्वतःचीच नानकटाई हातात घेतली. तोंडात टाकली. डोळे मिटले. "आई गे! फार छान. बाय, कशी केली तू?"

आणि तू सांगायला बसलीस! "मैदा घ्यायचा न्हाई. गव्हाचं पीठ. दोनदा चाळायचं. तूप बेतानंच. आन् मळायचं कसं, जीव लावून." ती बाई मान हलवत होती, "अस्सं? बेताने? दोनदा चाळायचं?" असं विचारत होती, आणि पदराखालचा डबा पोटाशी घट्ट धरून होती. जाताना माझा गाल तिनं इतक्या जोरात ओढला की दोन दिवस लाल होता. घोटाळा कसला, ते तुम्ही कुणी विचारलं नाही. तिनंही पुन्हा सांगितलं नाही. नाताळच्या दिवशी तिच्या घरी पुण्याहून सोळा माणसं जेवायला आलेली, आणि त्यांच्या पुढ्यात तुझी नानकटाई. कुंपणापलीकडून कडाकड आवाज येत होते. तू म्हणालीस, "आक्रोड फोडत्यात वाटतं. मोठी माणसं बाबा."

रुखवताचा मान तुला मिळाला. तू माघात पीठ दोनदा चाळलंस, मग चारदा चाळलंस, आणि नानकटाई झाली नेहमीसारखी. दगड. तू परातीपुढे बसून रडकुंडीला आलीस. "मागल्या खेपेला असं काय केलं हुतं गं मी?" मला विचारलंस. मी पाटी पुसत राहिले. मग मात्र देवानं की वरवंडच्या रस्त्यानं, कुणीतरी तुझी बाजू घेतली. ट्रकमध्ये रुखवत, त्यावर आम्ही, आणि खाली सगळे खड्डे. वरवंडला पोचून फडकी उघडली, तर काकूच्या करंज्यांचा चुरा, लाडवांचा रवा, आणि तुझी नानकटाई एकूण एक शाबूत. तू तिचं पाच थरांचं देऊळ रचलंस, वर कळस बसवलास. कुणाचा धक्का लागला तरी हललं नाही. वरवंडकर बघतच राहिले. एका म्हाताऱ्या पाव्हण्यानं एक चावायला घेतली आणि गाल धरून विचारलं, "लई कडक हाय जणू?" तर तुझ्या आधी आजी कडाडली, "परवासाची हाय ती! घरातली येगळी आस्ती, तोंडात इरघळती. आमच्या थोरलीच्या हाताला अंदाज हाय, अंदाज!"

त्यानंतर आजीनं तुला पुन्हा कधी धाकलीचं कौतुक ऐकवलं नाही. आणि तू मरेपर्यंत दर नाताळात ती एक नानकटाई शोधत राहिलीस. कधी पीठ बदल, कधी चाळण. ड्रायव्हरीणबाई बदली होऊन गेल्या, त्या जाताना मला सगळं प्रमाण लिहून देऊन गेल्या. तुला नाही दिलं मी ते. तेच मी करते. दोन अंडी.

आता चिठ्ठ्यांचं. त्या आपोआप बदलल्या नव्हत्या आई. मी बेकरीत दोन्ही डब्यांची झाकणं उचलून वास घेतला, आणि कणीक पाण्यानं ओली करून आपली चिठ्ठी त्यांच्या डब्याला लावली, त्यांची आपल्या. थोडं माझ्या जिभेसाठी, खोटं कशाला बोलू. पण जास्त त्या बंबापाशी ऐकलेल्या शब्दासाठी.

लिहिलंय खरं, पण पाठवणार नाही. तुला आलेली पत्रं वाचून दाखवायचे मी, आणि मी अजून इथे. तिकडे तू हे देणार अण्णांच्या हातात. इंजिनावर कान गेलेला माणूस, तो वाचणार ओरडून. आणि आजी तिथंच माळ ओढत बसलेली असणार. तेव्हा राहू दे. मीच आले की वाचून दाखवीन, आजी उठून बाहेर गेली की, हळू आवाजात. तोवर तुला एवढंच सांगते, काल ती मऊ नानकटाई मी चहात बुडवली आणि वाट बघत बसले, आणि तिचा लगेच लगदा झाला. मला तुझीच हवी होती.