पारड्यावरचा अंगठा

शिष्टरबाई, तुमाला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. आन् आता तर तुमी जाऊन दहा वर्षं व्हत आली. म्हणूनच मला लिहायला धीर आला असंल. तुमी समोर व्हत्या तवा माहं तोंड उघडलं न्हाई. सातवीपर्यंतच शिकले मी, अक्षर वाकडं हाय, ते तुमी पाहणार न्हाई ते एक बरं. आता दुपार हाय. सासूबाई आन् माह्या लेकीचे वडील हळद शिजवायला वावरात गेलेत, घरात मी आन् ती. सहा महिन्याची झाली. तीन वाजता तिला अंगणवाडीत वजनाला न्यायचं हाय. वजनाचं नाव निघालं की तुमी आठवता. दुसरं कोणाला सांगू?

ओळखलं का मला? तुमच्या सैपाकाला जी बाई व्हती, तिची थोरली. डोंगरकड्याकडच्या आमच्या गावात संस्थेचा दोन खोल्याचा दवाखाना व्हता, वर पत्रं, आन् तुमी तिथं दर साली दिवाळीनंतर यायच्या, होळीच्या आधी जायच्या. पगार न्हाई, काई न्हाई. तिकीटसुद्धा पदरचं. गावात कोणाला पटायचंच न्हाई. माही आजी विचारायची, "हिला घरी कोणी न्हाई का गं? म्हातारपणी लोकाच्या लेकरायचं नाक पुसायला समुद्र वलांडून काहून येते?" तुमच्यासंगं कॉलेजातली पोरंपोरी यायची, पंधरा-पंधरा दिवसांसाठी. ते शोषखड्डे खंदायचे आन् शाळेची भिंत रंगवायचे. एका साली रंगवलेली भिंत दुसऱ्या साली दुसरेच येऊन रंगवायचे. आजी म्हणली, "ह्यायच्या मुलखातल्या भिंती सरल्या का?" आमाला वाटलं तुमाला कळलं न्हाई. तुमी भाकरीचा घास गिळला आन् म्हणल्या, "व्हय आजी. समद्या सरल्या." त्या दिवशी आजी तुमची झाली. मंग तुमी आल्या की तीच पहिली ओट्यावर येऊन बसायची.

मराठी तुमी माह्या मायच्या चुलीपुढं शिकल्या. पाटावर बसता यायचं न्हाई तुमाला, गुडघे दुखायचे, म्हणून मायनं तेलाचा रिकामा डबा पालथा घालून दिलता. त्याच्यावर बसून तुमी लसूण सोलायच्या आन् एकेक शब्द विचारायच्या. हे काय, ते काय. ठेचा खाऊन डोळ्यातून पाणी यायचं तरी "बराबर हाय, तिखट न्हाई" म्हणायच्या. दवाखान्यात परभणीचे डॉक्टर यायचे, त्यायचं मराठी पुस्तकावानी. बाया तुमाला म्हणायच्या, "शिष्टरबाई, तुमीच सांगा वो, डागदर काय म्हणून राहिले ते समजंना." एवढं हसू यायचं समद्यायला, तुमाला पण.

मला तुमी एकदाच रागावल्या. बाभळीचा काटा टाचेत मोडला व्हता, आन् सुईला भिऊन मी आठ दिवस कोणाला सांगितलं न्हाई. पाय टम्म फुगला. लंगडताना तुमी पाहिलं, धरून बसवलं, पू काढला, आन् मंग माही हनवटी वर करून म्हणल्या, "तोंड हाय ना तुला? मंग बोल. लपवलं की आतमधी वाढतं." मी नऊ वर्षाची व्हते. तुमी पट्टी बांधली, वरून पायाला एक चापट मारली, आन् मी रडत रडत हसले.

आता ताजव्याचं लिहिते. तेच लिहायला बसले.

दवाखान्यात तुमी काटा टांगला व्हता, लेकराला चड्डीवानी झोळीत अडकवायचं आन् आकडा पाहायचा. एक बी बाई आली न्हाई. आमच्याकडं लेकरू मापात घालत न्हाईत. धान मोजावं, गूळ मोजावा, लेकरू मोजलं की माप लागतं, मंग ते वाढत न्हाई. तुमी घरोघर फिरल्या. बाया हो हो म्हणायच्या, चहा पाजायच्या, आन् येत नसत. तुमी थकून चुलीपुढं येऊन बसल्या तवा मायनं भाकर थापता थापता सांगितलं, "बाई, काट्यावर कोणी घालणार न्हाई. पण मारुतीम्होरं गुळात तोललं तर कोण न्हाई म्हणंल? तो तर नवस हाय." खरंच व्हतं ते. लेकरू दुखण्यातून उठलं की आमी त्याच्या भारंभार गूळ देवाला देतो. ते माप न्हाई, ते देवाचं. तुमी डब्यावरून उठून मायच्या पिठाच्या हाताला धरलं. मंग किराणावाल्याचा जुना ताजवा आणला, दोन पारड्याचा, देवळाच्या मंडपात तुळईला बांधला. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गुळाचे खडे. बराबर झालं की लेकरू मायच्या कडंवर, आन् गूळ तुमी मागच्या ओसरीत नेऊन आपल्या काट्यावर मोजायच्या आन् कार्डावर लिहायच्या. मंग तो गूळ पोरायला वाटायचा. पहिल्या शनवारी सारं गाव लोटलं. "देवाला पण कळतं, दवाखान्याला पण कळतं," तुमी म्हणल्या.

पण बाई, एक तुमच्या ध्यानात आलं न्हाई, आन् तुमाला कोणी सांगितलं पण न्हाई. देवाला कमी गूळ गेला तर घरची लाज जाते. म्हणून कोणाची आजी लेकराच्या पारड्याला हळूच हात लावायची, कोणाची आत्या पदराचं वझं टाकायची. "सांभाळून राहिले बाई, पडंल लेकरू," म्हणायच्या. वर तुमालाच म्हणायच्या, "आमचं भारी हाय, अजून एक खडा टाका!" बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हे समद्यायला माहीत व्हतं. खोटं कोणालाच वाटत नव्हतं. देवाला जास्त देणं खोटं कसं असंल?

मी दाबलं ते देवासाठी न्हाई. ते मला माहीत व्हतं.

माही धाकटी बहीण पावसाळ्यात झालेली, तवा पाच महिन्याची. बारीक व्हती. पहिल्या तोलाला तुमी कार्डावर लाल खूण केली आन् मायला सांगितलं, "पुढच्या टायमाला वाढली न्हाई तर तू आन् लेकरू तालुक्याच्या दवाखान्यात. पंधरा दिवस. दूध, अंडं, औषध, समदं तिथंच." माय व्हय म्हणली. आजी म्हणली, "आन् हितं चूल कोण पेटवील?" समद्यायनं माह्याकडं पाहिलं. बहीण झाली तवा माय सव्वा महिना आजोळी व्हती, तवा मीच भाकरी केल्या. मनगट भाजलं, बा ताट सरकवून उठले, आन् आजी सांजसकाळ म्हणायची, "मायवानी हात न्हाई हिचा." मला परत तसं नको व्हतं. आन् मायबिगर नीज येत न्हाई, हे पण खरं, पण एवढ्या मोठ्या पोरीनं ते सांगायचं कसं?

संक्रांत झाल्यावरचा तोल. मंडपात गर्दी. बहीण रडून राहिली म्हणून तुमीच मला म्हणल्या, "तू धर पारडं. बहिणीचं तू धर." मी धरलं. एक खडा पडला, दोन पडले, आन् गुळाचं पारडं खाली यायला लागलं. लई लवकर. मी अंगठा काठावर ठेवला. दाबला. बहिणीचं पारडं खाली गेलं तशा तुमी हसल्या आन् अजून एक खडा टाकला, मंग अजून एक बारका. "वाढली! वाढली!" तुमी टाळ्या वाजवल्या, बायांनी वाजवल्या, मायनं तुमचे हात डोळ्याला लावले. आन् तुमी वाकून त्यातलाच एक खडा माह्या तोंडात घातला. "चांगली बहीण," म्हणल्या. तो गूळ मी गिळला न्हाई. देवळामागं जाऊन थुंकला. आजबी मी गुळाचा चहा पीत न्हाई, सासूबाईला वाटतं माहे नखरे हाईत.

तीन आठवड्यांनी तिला हगवण लागली. दोन दिवसात डोळे खोल गेले. जीपमधून तालुक्याला नेलं, तुमी संगं व्हत्या, सलाईन लावलं, तिसऱ्या दिवशी मायनं तिला पदराखाली झाकून परत आणलं. तुमी आमच्या अंगणात उभ्या व्हत्या. हातात कार्ड. परत परत तेच पाहून राहिल्या. "वजन तर चांगलं व्हतं," म्हणल्या. "चांगलं व्हतं ना?" मंग मायच्या पायाशी मातीत बसल्या, गुडघे दुखायचे तरी बसल्या, आन् म्हणल्या, "माही चुकी. मी लवकर पाठवायला पायजे व्हतं. ताजवा माहा." मी दाराच्या फळीआड व्हते. चार पावलं. तोंड व्हतं मला. तुमीच सांगितलं व्हतं बोल म्हणून.

दुसऱ्या दिवशी तुमी सोता तुळईचा दोर सोडून ताजवा किराणावाल्याला परत दिला. त्या साली होळीच्या लई आधी गेल्या. जाताना माह्या डोक्यावर हात ठेवला, आन् मी मान खाली घातली, तुमाला वाटलं बहिणीसाठी रडते. पुढच्या दिवाळीला भिंती रंगवणारे आले, तुमी न्हाई. त्याच्या पुढच्यालाबी न्हाई. मंग एका साली दवाखान्यात तुमचा फोटो लागला, हार घातलेला. मायनं मोगऱ्याची चार फुलं नेली. मी गेले न्हाई.

कदाचित ती संक्रांतीलाच तालुक्याला जाऊनबी वाचली नसती. असं मी मनाला लई वेळा सांगितलं. तवा थोडं बरं वाटतं, मंग न्हाई वाटत. पण खरं सांगणं तर माह्याच हातात व्हतं. माय अजून हाय, आन् अजून म्हणते, "बाई देवमाणूस, पण तिचा ताजवा खोटा व्हता." शेजारणीला सांगते, जावयाला सांगते. मी तिथंच असते, भाजी निवडत. ताजवा खोटा नव्हता, बाई. तुमी त्याच्यापायी परत आल्या न्हाई असंल, तिकडं तुमच्या घरी बसून तेच कार्ड आठवलं असंल, आन् मला नुसतं एक वाक्य बोलायचं व्हतं.

आता माही लेक. बारशाला तिच्या आत्यानं चांदीचे वाळे घातले, माह्या मायनं कंबरंला साखळी केली. अंगणवाडीतला काटा आता वेगळा हाय, आकडे दिव्यावानी पेटतात, त्याला अंगठा लावता येत न्हाई. मागच्या महिन्यात मी तिला पोटभर पाजून, वाळे, साखळी, दोन झबले, टोपडं, समदं घालून नेलं. तिथली ताई म्हणली, "अगं दागिने काढ," मी म्हणलं, "सासूबाई रागावतात, काढू देत न्हाईत." सासूबाई कधी असं म्हणल्या न्हाईत. आकडा बरा आला. ताई हसली, "वाढली गं!" मला इतकं बरं वाटलं, आन् घरी येताना वाटंतच तुमच्या टाळ्या आठवल्या. तरी आकडा काठावरच व्हता म्हणून ताईनं सांगून ठेवलंय, या महिन्यात कमी दिसलं तर मायलेकरू वसमतच्या दवाखान्यात, चौदा दिवस. काल सासूबाईला विचारलं तर म्हणल्या, "ऐन हळदीत? काहून, चांगली तर दिसते पोरगी." दिसते. झबल्यात चांगली दिसते.

हे कागद मी तुमाला धाडणार न्हाई. कुठं धाडू? मायला वाचून दाखवायला पायजेत, तेवढी हिंमत आज न्हाई, पुढं होते का पाहू. आज फक्त अंगणवाडीत जायचं हाय. लेकीची साखळी काढली. झबलं काढलं. वाळे राहिले व्हते. दोन महिन्यामागं हेच वाळे न्हाऊ घालताना काढायला साबण लावावा लागायचा. आठ दिवस झाले, ते पायात राहत न्हाईत. सासूबाईच्या ध्यानात येऊ नये म्हणून मीच त्यायला आतून काळा दोरा गुंडाळला व्हता. तो आता सोडला. ओढायची गरज पडली न्हाई. तिनं पाय झाडला, आन् दोन्ही वाळे माह्या मांडीवर पडले.