दोन फुल्यांची बाटली

पिंपळगाव राजा,
दि. ९ जून १९६८

श्री. शेषराव यांस,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. आमच्याकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आईचे गुडघे धरलेत. माझी शाळा पुढल्या आठवड्यात उघडेल. तुमच्या घरी सगळं उत्तम असणार, ते पत्राच्या अक्षरावरूनच दिसलं.

बुलढाण्याच्या ट्रेनिंगपासून मी तुम्हाला पत्रं लिहीत आले. त्यांत वर मायन्यात जे लिहायची, ते या पत्रात नाही. शोधू नका.

तुम्ही लिहिता, बाबा आता राजी आहेत, दारूबंदी कमिटीवरची त्यांची मुदत संपली, झालं गेलं विसरून जा. चार बाटल्यांपायी दोन जीवांचं नुकसान कशाला? बाटल्या चारच होत्या, तेवढं बरोबर आहे. बाकीचं तुम्ही विसरलात.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तुम्ही बापलेक सुपारी फोडायला आमच्याकडे आलात. मोतीरामदादाला मेक्सिकोहून येऊन महिनाही झाला नव्हता. सरकारनं त्याला गव्हाचं शिकायला आठ महिने तिकडे पाठवलं होतं. येताना त्यानं कपड्यांत गुंडाळून चार बाटल्या आणल्या, कॉलेजच्या मित्रांना दाखवायला म्हणून. चूक होती ती त्याची. पण त्या पेटीतच राहिल्या असत्या. तिकडच्या गोष्टी ऐकता ऐकता तुमच्या वडिलांनीच विषय काढला.

"काऊन बे मोतीराम, तिकडं लोकं पान्याऐवजी बीअर पेतात म्हने. आनली असशीन की एखांदी?"

"आनली, मामा. पन परमिट नाही माह्याजवळ. सरकारी नोकरी आहे, राहू द्या."

"अबे, जवाचं पानीच तं आहे ते! दारूबंदीचा अध्यक्ष तू का मी?"

मग बादलीत घालून बाटल्या विहिरीत सोडल्या. तासाभरानं काढल्या. मी आत हरभरे भाजत होते. मधे नुसता पडदा होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

दादा नावं वाचायचा आणि तुमचे वडील किसनराव निकाल द्यायचे. कार्ता ब्लांका पहिली. "हे तं लयच पातळ. बिमार मानसाले द्याव." सुपेरियोर दुसरी. "फेस लय, दम नाही. आमच्या आमदारावानी." व्हिक्टोरियाला ते जरा थांबले, जीभ फिरवली. "हे बरी. भाकरीच्या करपल्या पापुद्र्याचा वास येते. रानी गेली, पन चव ठेवून गेली." शेवटची दोस एकिस. दादानं सांगितलं, म्हणजे दोन फुल्या. "अन् तुमी मास्तर लोकं चुकीले फुली मारता!" असं मला पडद्याआड ऐकवून ते इतके हसले की आईसुद्धा हसली. ती तांबूस होती. तिला पहिला नंबर मिळाला. तिकडे मीठ-लिंबू लावून पितात असं दादा म्हणाला, तर तुमच्या वडिलांनी तेही मागितलं. मीच दिलं, पडद्याखालून.

तुम्ही पहिल्या बाटलीतला एक पेला घेतला. पातळच तुम्हाला आवडली.

मी त्या दिवशी किती खूश होते, ते आता लिहायची लाज वाटते. मला वाटलं, हा माणूस आपल्या घरात एवढा मोकळा हसतो, म्हणजे मी सुखात पडणार. सुपारी फुटली. तुम्ही दोघं संध्याकाळच्या एसटीनं गेलात.

एसटीत लोकांना वास आला. तुमच्या मोताळ्याच्या बाजारात कुजबुज सुरू झाली की अध्यक्षच पिऊन आले. आठ दिवसांत तुमचा निरोप आला, दारुड्याच्या घरची मुलगी आम्हाला नको. पाठोपाठ दादाच्या ऑफिसात अर्ज गेला. चौकशीच्या नोटिशीबरोबर त्याला नक्कल मिळाली, ती माझ्यापुढे आहे. "सुपारीस गेलो असता मुलीच्या भावाने दारू पिण्याचा आग्रह केला, आम्ही तत्काळ उठून आलो." खाली अध्यक्षांची सही. तिच्याखाली साक्षीदाराची.

सगळा अर्जच त्या साक्षीदाराच्या हातचा आहे. ते अक्षर ओळखायला मला सही वाचावी लागली नाही. तीन वर्षं त्याच अक्षराची पत्रं मी डब्यात जपून ठेवली होती.

आता मी जे कुणाला सांगितलं नाही, ते सांगते. चौकशीच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "पंचफुले, मी उद्या सगळं खरं सांगनार. कोन किती पेलं ते." मी त्याचे पाय धरले. म्हटलं, "दादा, त्याइचं नाव नको घेऊ. मले त्याच घरात जायचं हाये." मला वाटत होतं, सही तुमच्याकडून बळजबरीनं घेतली असेल; चार दिवसांनी तुम्ही याल.

दादा फक्त "बरं" म्हणाला.

चौकशीत त्यानं सांगितलं, चारही बाटल्या मी एकट्यानं प्यायलो. एप्रिलात त्याला बडतर्फ केलं. आठ महिने परदेशात शिकून आलेला माणूस आज धाडच्या बियाण्याच्या दुकानात पोती उचलतो. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तुम्ही त्याची नोकरी नेलीत खरी, पण तोंड त्याचं मी बंद केलं.

आणि तुम्हाला वाट मोकळी झाल्यावर माझी आठवण झाली!

अपिलाची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते. उद्या सकाळच्या गाडीनं मी अपिलाच्या साहेबांपुढे जबानी द्यायला बुलढाण्याला जाते आहे. काल दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तुह्यं नाव खराब होईन." मी म्हटलं, होऊ दे. कुणी कोणत्या बाटलीला काय म्हटलं, कुणी मीठ मागितलं, सगळं लिहून दिलंय. तुमचा पेलाही आहे त्यात. भांडी आत आली तेव्हा दोन फुल्यांच्या बाटलीत घोटभर उरली होती, ती मी प्यायले. तेही लिहिलं आहे. मागून गोडसर लागते. तुमच्या वडिलांची जीभ त्या दिवशी एवढ्यापुरती खरं बोलली.

तुमची पत्रं सोबत परत पाठवते आहे. एक ठेवून घेतलं, अक्षर ताडून पाहायला साहेबांना लागेल म्हणून.

मला उत्तर लिहू नका. जे लिहायचं ते आता त्यांनाच लिहा.

पंचफुला कडूबा जवरे