गादीतलं वजन

३ जून

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पडद्यांचं दुकान जोरात चालू असेल, असं धरून कामाचं लिहिते. काल दवाखान्यात माझं मोजमाप झालं. मला उभं राहता येत नाही आणि पाठही वाकडी, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी कोपरापासून मनगटापर्यंत हात मोजून उंचीचा हिशेब केला. मी वाढलेय म्हणे. वजन मात्र घटलंय. डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला वाढलं नाही तर पोटाला भोक पाडून नळी बसवायची. म्हणजे तोंड फक्त बोलायला उरणार. आईच्या मते ते तसंही जास्तच चालतं.

मला नळी नको. ते मला चाकांच्या खुर्चीसकट काट्यावर चढवतात आणि खुर्चीचं वजन वजा करतात. ते त्यांनी मागेच लिहून ठेवलंय, रिकामी खुर्ची पुन्हा कोणी तोलत नाही. पडदे सरळ पडावेत म्हणून तुम्ही कडेला शिशाच्या गोळ्या शिवता ना, तशा भरलेली एक गादी मला शिवून द्या. आईला कळू देऊ नका.

लोभ आहे तेवढा पुरे, गादी मात्र जाड हवी.

तुमची,
ठमी

१२ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रागावलो, मग कात्री घेतली. ही शुद्ध लबाडी आहे, आणि ती माझ्याकडूनच तुझ्यात आली असं तुझी आई म्हणेल, म्हणून तिला सांगायचं नाही. गोळ्या मधल्या थरात शिवल्यात, टोचणार नाहीत. दुकानातला कारागीर विचारत होता, हा कुठला पडदा. मी म्हटलं, बसायचा.

नळीचं नाव पुन्हा काढू नकोस, मला ऐकवत नाही. नीट जेवत जा.

लोभात कसर नाही, गोळ्यांतही ठेवलेली नाही.

तुझा,
आजोबा

२८ जुलै

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

पकडले गेलो. वजन भरघोस वाढलं, डॉक्टर खूश, औषधाचा डोस वाढवायला निघाले. तेवढ्यात बाईंनी माझ्या दंडाला टेप गुंडाळली. दंड आधीपेक्षा बारीक. मला पलंगावर ठेवून त्यांनी एका हाताने गादी उचलायला घेतली, तर गादीनेच त्यांना खाली ओढलं. डॉक्टर हसले, मीही हसले. आई हसली नाही. औषध वजनावर ठरतं, हे मला माहीत नव्हतं. खोट्या वजनाचा डोस पोटात गेला असता तर भारी पडलं असतं, हे ऐकून ती बाहेर जाऊन रडली. थोडे दिवस तिचा फोन उचलू नका.

मग बाईंनी विचारलं, जेवायला किती वेळ लागतो. मी खरं सांगून टाकलं. घरातली भांडी घासून होतात तरी माझं ताट अर्धंच असतं, जबडा दमतो, घास अडकून ठसका लागतो. घरी हे कधी बोलले नव्हते. बाई म्हणाल्या, नळी तोंड बंद करायला नसते. सुखानं गिळता येईल तेवढं चवीनं खायचं, बाकीचं नळीतून. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी हो म्हटलंय, आजोबा. जेवून जेवून दमलेय मी.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
ठमी

४ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन उचलला. ती बोलली ते सगळं खरं होतं.

तुझ्या आजीला शेवटच्या आजारपणात नळी लावली होती. त्यानंतर ती घरी आली नाही. नळी म्हणजे तेवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. तुझं पत्र आलं आणि मला तू दिसलीच नाहीस, तीच दिसली. म्हणून चार शब्द विचारायचे सोडून मी सुईत दोरा ओवला. तुझा दंड बारीक होत होता आणि मी गादी भरत बसलो होतो.

नळी बसवतील त्या दिवशी दुकान बंद ठेवून येतोय. माझ्यावरचा लोभ अगदीच आटू देऊ नकोस म्हणावं तुझ्या आईला. आत नेताना भीती वाटली तर माझा हात धर. नाही वाटली तरी धर. मला वाटणार आहे.

तुझा,
आजोबा